बासष्ट दिवसांचा हिशेब

रोगी रुग्णालयाच्या दाराशी आला म्हणजे त्याच्यापुढे दोन प्रकारचे काळ चालू होतात. एक रोगाचा काळ. तो शरीराच्या आत गुपचूप चालतो आणि त्याचे घड्याळ कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. दुसरा व्यवस्थेचा काळ. तो शिफारसपत्रे, तारखा, तपासण्या, अहवाल आणि रिकाम्या होणाऱ्या खाटा यांच्या हिशेबाने चालतो. पहिला काळ आपल्या हाती नाही; दुसरा मोजता येतो. तो मोजावा असे माणसाला केव्हा वाटू लागले, कोणी मोजला, आणि मोजताना हाती काय लागले व निसटले काय, याचा थोडासा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे. उदाहरण घेतले आहे ते इंग्लंडचे. कर्करोगाचा संशय आल्यावर घरच्या डॉक्टरने तातडीची चिठ्ठी दिली, तेथून पहिला उपचार मिळेपर्यंत रोग्याचे किती दिवस गेले, याची देशभर एकाच नियमाने मोजणी करून ते आकडे सर्वांपुढे ठेवण्याचा उद्योग त्या देशाने पाव शतक चालविला आहे. त्याचे यश आणि त्याची फसगत, दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा कुंडाकाठी पडून राहिलेल्या एका रोग्याची कथा आहे. पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होई, असा समज होता. या माणसाला उचलून नेणारे कोणी नव्हते. तो सरकेपर्यंत दुसराच कोणी पुढे जाई. तो अडतीस वर्षे आजारी होता, असे शुभवर्तमानकार नोंदवतो. पण त्यांपैकी कुंडाकाठी किती वर्षे गेली? तेथे तो पुष्कळ काळ होता एवढेच कळते, आकडा मिळत नाही. मोजणी कोठून धरावयाची, हा प्रश्न इतका जुना आहे.

इस्पितळांच्या आकडेशास्त्राचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सांगण्याची प्रथा आहे, आणि ती रास्तच आहे. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व इस्पितळांसाठी एकाच नमुन्याचे तक्ते सुचविले. किती रोगी आले, किती बरे झाले, किती दगावले, सरासरी किती दिवस राहिले, हे त्या तक्त्यांत येई. मात्र त्यांचा विषय दाराच्या आतला होता. दाराबाहेर गेलेले दिवस मोजण्याची दृष्टी यावयास आणखी पाऊण शतक जावे लागले.

ती आली अमेरिकेत. १९३८ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळातील जॉर्ज पॅक आणि जेम्स गॅलो या दोघांनी एक हजार कर्करोग्यांची हकीकत तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची फूटपट्टी अशी: लक्षण जाणवल्यापासून तीन महिन्यांच्या आत रोगी डॉक्टरकडे गेला नाही, तर तो रोग्याचा विलंब, आणि रोगी येऊनही महिनाभरात डॉक्टरने योग्य ती हालचाल केली नाही, तर तो डॉक्टरचा विलंब. शंभरांपैकी सुमारे चव्वेचाळीस ठिकाणी दोष एकट्या रोग्याकडे, सतरा ठिकाणी एकट्या डॉक्टरकडे आणि अठरा ठिकाणी दोघांकडे गेला. निबंधाच्या मथळ्यातच अपराध कोणाचा, अशा अर्थाचा शब्द होता. विलंब मोजावयाचा तो कोणाच्या तरी माथी मारण्यासाठी, ही त्या काळची वृत्ती त्यातून दिसते. आणि गंमत अशी की, त्या वाटणीत रोग्याचा रकाना आहे, डॉक्टरचा आहे, पण इस्पितळाचा नाही. खाट रिकामी नाही, यंत्र मोकळे नाही, अहवाल टेबलावर पडून आहे, या कारणांनी गेलेले दिवस कोणत्या रकान्यात घालावयाचे, हे त्यांनी विचारलेच नाही.

इंग्लंडमध्ये या सुमारास निराळाच विचार चालला होता. १९३९ च्या कर्करोग कायद्याने उपचाराची सोय करण्याचे कर्तव्य स्थानिक सत्तेवर टाकले. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि कायदा बव्हंशी कागदावर राहिला. ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या मंत्रिपदाच्या काळात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरची फी आणि इस्पितळाचा खर्च यांची धास्ती सामान्य माणसाच्या मनातून गेली, हा त्या शतकातील एक मोठा लोकोपकार होय. पण जे पूर्वी पैशाने अडत असे, ते आता रांगेने अडू लागले. सेवेच्या पहिल्या वर्षातच प्रतीक्षायादीवर पाच लाखांच्या आसपास नावे होती. पुढे कित्येक दशके सरकार मुख्यतः हीच संख्या सांगत राहिले आणि विरोधी पक्ष तीच सरकारच्या तोंडावर फेकत राहिला. पाच लाख माणसे एकेक आठवडा थांबली की एकेक वर्ष, हे त्या संख्येवरून कळत नसे. डोकी मोजली जात होती. दिवस मोजले जात नव्हते. १९९१ साली जॉन मेजर यांच्या सरकारने रुग्णांची सनद काढली. तिने यादीवर नाव आल्यापासून दोन वर्षांच्या आत भरती करून घेण्याची हमी दिली, तेव्हा कोठे दिवसांची भाषा सरकारी वचनात शिरली. आज आपल्याला दोन वर्षांची हमी ही थट्टा वाटेल. पण काळाला मर्यादा असते हे तत्त्व तिने मान्य केले.

कर्करोगाला दोन वर्षांची हमी चालत नाही, हे सांगावयास नको. त्या दशकात युरोपातील निरनिराळ्या देशांच्या कर्करोग-नोंदणीचे आकडे एकत्र करून ताडून पाहण्याचे काम झाले, आणि निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ब्रिटनमध्ये शेजारच्या पुष्कळ देशांहून कमी आहे, असे दिसून आले. हा ब्रिटिशांच्या अभिमानास मोठा धक्का होता. १९९५ साली इंग्लंडचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी केनेथ कॅल्मन आणि वेल्सच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी डीअर्ड्री हाइन यांचा अहवाल आला. रोगी कोणत्या गावात राहतो यावर त्याचा उपचार ठरता कामा नये, असा त्याचा रोख होता. डिसेंबर १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या नव्या सरकारने श्वेतपत्रिकेत वचन दिले: कर्करोगाच्या संशयाने घरच्या डॉक्टरने तातडीने पाठविलेला रोगी दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञास भेटेल. स्तनाच्या कर्करोगास हे एप्रिल १९९९ पासून लागू झाले आणि इतर कर्करोगांस २००० साली. सप्टेंबर २००० मध्ये संपूर्ण कर्करोग योजना प्रसिद्ध झाली. तिच्या अंमलबजावणीची धुरा माइक रिचर्ड्स या कर्करोगतज्ज्ञांकडे होती. निदानानंतर उपचाराचा निर्णय होऊन एका महिन्यात उपचार, आणि तातडीच्या चिठ्ठीपासून दोन महिन्यांत उपचार, अशी दोन वचने तिच्यात होती. ती २००५ सालच्या अखेरपर्यंत सर्व कर्करोगांस लागू व्हावयाची होती.

महिन्याचे दिवस कमीअधिक असतात, म्हणून एका महिन्याचे ३१ दिवस झाले आणि दोन महिन्यांचे ६२. जुलै आणि ऑगस्ट यांची बेरीज करून पाहावी. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही, पंचांगातून आलेला आहे. बासष्टाव्या दिवशी रोगात काही निराळे घडते असे मुळीच नाही. दिरंगाई घातक आहे, याविषयी मात्र शंका नको. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या संकलनात, शस्त्रक्रियेस चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक प्रकारच्या कर्करोगांत आढळले. म्हणजे धोका उताराप्रमाणे हळूहळू वाढत जातो. कारभाराला मात्र उताराची भाषा उमगत नाही. त्याला उंबरठा लागतो, आणि बासष्ट हा उंबरठा ठरला.

आता हे घड्याळ चालते कसे, ते जरा बारकाईने पाहू; कारण सारी मख्खी येथेच आहे. घरच्या डॉक्टरची तातडीची चिठ्ठी इस्पितळाला मिळाली की घड्याळ सुरू होते. तो दिवस शून्याचा. पुढे तज्ज्ञाची भेट, रक्ताच्या तपासण्या, दुर्बीण घालून पाहणे, छायाचित्रे, गाठीचा तुकडा काढून तपासणे, मग निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांची एकत्र बैठक, रोग्याशी बोलणे, आणि अखेर उपचार. पहिला खरा उपचार सुरू झाला की घड्याळ थांबते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार हे तर उपचार आहेतच. पण रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तर वेदनाशमनाची तज्ज्ञसेवा, आणि काही सौम्य गाठींच्या बाबतीत नुसती डोळ्यांत तेल घालून ठेवलेली देखरेख, यांनाही उपचारच धरतात. हे योग्यच म्हणावे लागेल. कर्करोग नाही असे ठरले तर तो मनुष्य या हिशेबातून बाहेर पडतो. पहिल्या भेटीस रोगी आलाच नाही, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते. एका इस्पितळाने तपासणी करून रोगी दुसऱ्या मोठ्या इस्पितळाकडे पाठविला आणि मुदत हुकली, तर पूर्वी तो दोष दोघांत अर्धा अर्धा वाटला जाई. पुढे पहिल्याने अडतिसाव्या दिवसाच्या आत पाठविले की नाही, यावरून तो वाटण्याची पद्धत आली. अडतीस हा आकडा येथे पुन्हा भेटावा, हा योगायोग!

२००९ पर्यंत घड्याळ मध्येच थांबविण्याची मुभा बरीच होती. रोग्याला ताप आला, हृदयाची दुसरी तक्रार निघाली, त्याला विचार करावयास वेळ हवा झाला, तर तेवढे दिवस वजा करीत. या वजाबाकीनंतर शंभरांपैकी ९५ रोगी मुदतीत बसावेत अशी अपेक्षा होती आणि काही वर्षे ती पुरीही झाली. जानेवारी २००९ पासून वजाबाकी जवळजवळ बंद करण्यात आली. वाजवी तारखेस भरती देऊ केली आणि रोग्याने ती नाकारली, एवढीच सवलत उरली. मग पूर्वीची अपेक्षा अवास्तव ठरली आणि नवी अपेक्षा ८५ टक्क्यांची झाली. ज्याने नुसते दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, त्याला सेवा एकदम ढासळली असे वाटले असते. रोगी होते तितकेच थांबत होते. बदलली होती ती फूटपट्टी. आकड्यांचा इतिहास वाचणाऱ्याने आधी नियमांचा इतिहास वाचावा लागतो तो असा.

या मोजणीने भले झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. तिच्यापूर्वी चिठ्ठी कोणत्या टेबलावर पडली आहे हे रोग्यालाच काय, इस्पितळालाही ठाऊक नसे. मोजणी सुरू झाल्यावर प्रत्येक तातडीच्या रोग्यामागे एक तारीख आणि त्या तारखेवर नजर ठेवणारा एक कारकून आला. बैठकांचे वार ठरले, तपासण्यांसाठी राखीव वेळ ठेवण्यात आली, एकाच दिवशी भेट आणि तपासणी आटोपणारे विभाग निघाले. शेजारच्या गावाच्या इस्पितळात काय चालते याची तुलना सामान्य नागरिक वर्तमानपत्रात पाहू लागला. रोगी आपला हक्क दिवसांत सांगू शकला, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु जे मोजले जाते त्याकडे कारभाराची नजर वळते, आणि जे मोजले जात नाही ते सावलीत जाते. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने नाणेबाजाराविषयी लिहिताना असा इशारा दिला होता की, एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी जोर दिला की त्या आकड्याचा भरवसा सुटू लागतो. तो इशारा इस्पितळांनाही लागू पडला. आम्हां शिक्षकमंडळींना हे निराळे शिकावे लागत नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांचे परीक्षेचे अर्जच अडवून ठेवणाऱ्या शाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. निकाल चोख लागतो. मुले घरी बसतात. टक्केवारी खोटी नसते, तिचा छेद खोटा असतो.

बासष्ट दिवसांच्या टक्केवारीचा छेद कोणता? ज्यांचा उपचार त्या महिन्यात सुरू झाला, तेवढेच रोगी. जे अजून थांबले आहेत ते तीत येतच नाहीत. याचा परिणाम काय होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. एका इस्पितळात महिन्यात शंभर रोग्यांवर उपचार सुरू झाले. पंच्याऐंशी मुदतीत, पंधरा मुदतीबाहेर. म्हणजे ८५ टक्के, उद्दिष्ट पूर्ण. पण मागे तीस जुने रोगी अडून बसले आहेत, ज्यांची मुदत केव्हाच उलटली. पुढल्या महिन्यात तेथील प्रमुखाने रविवारीही शस्त्रक्रियागृह चालू ठेवून नेहमीच्या शंभरांबरोबर त्या तिसांचीही सोय लावली. आता १३० पैकी ८५ मुदतीत. टक्केवारी घसरून ६५ वर आली. त्या इस्पितळाची वर्तमानपत्रात नाचक्की होईल. आणि ज्याने त्या तीस जणांना तसेच बसवून ठेवले, त्याचे ८५ टक्के शाबूत राहतील. सत्कर्माला दंड आणि दिरंगाईला बक्षीस, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. बासष्ट दिवस उलटले की तो रोगी हिशेबात एकदा हुकला तो हुकला. मग त्रेसष्टाव्या दिवशी त्याला घ्या की दीडशेव्या, आकडा तोच. कारभारी नीतिमान नसेल तर साठाव्या दिवसाचा रोगी आधी आणि नव्वदाव्या दिवसाचा नंतर, असा मोह त्याला पडणारच. ही खोच लक्षात आल्यामुळेच २०१५ च्या सुमारास १०४ दिवसांची दुसरी मर्यादा आखण्यात आली. तिच्यापलीकडे थांबलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत, या विलंबाने त्याचे काही नुकसान झाले काय, याची डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणी करावयाची, असा दंडक घालण्यात आला.

तिसरी गोष्ट सरळ लबाडीची. तिच्याविषयी फार बोलावयास नको. डिसेंबर २००१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नऊ रुग्णालय-संस्थांनी प्रतीक्षायाद्यांत अयोग्य फेरफार केल्याचे उघड केले. त्या याद्या सर्वसाधारण होत्या. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये कोल्चेस्टर येथील रुग्णालयाविषयी सरकारी तपासणी आयोगाचा अहवाल आला, तो खास कर्करोगाविषयीच होता. ६१ रोग्यांच्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी २२ जणांच्या बाबतीत धोका उत्पन्न झाला होता असे आयोगास दिसले. आणि तारखा बदलण्यासाठी आपल्यावर दबाव आला, असे तेथील काही कर्मचाऱ्यांनी सांगितले होते. कारकुनाने खोडलेली तारीख कागदावरून जाते, रोग्याच्या देहातून जात नाही.

याहून मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो चौथा मुद्दा, आणि त्यात कोणाचीच लबाडी नाही. तातडीच्या चिठ्ठीचे दार हे अनेक दारांपैकी एक आहे. २०१० साली इंग्लंडमधील कर्करोगी कोणकोणत्या वाटेने निदानापर्यंत पोहोचतात याची पाहणी प्रसिद्ध झाली. २००७ सालच्या त्या रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश तातडीच्या चिठ्ठीने आले होते, आणि जवळजवळ तितकेच एकदम संकट ओढवून, आतडे अडून, रक्त पडून, शुद्ध हरपून, अपघातविभागाच्या दाराने आत आले होते. हे दुसरे लोक मरणाच्या अधिक जवळ होते. त्यांच्यासाठी बासष्ट दिवसांचे घड्याळ कधी सुरूच झाले नाही. पाठ दुखते म्हणून एखादी बाई तीनदा डॉक्टरकडे गेली आणि तीनदा वेदनाशामक गोळ्या घेऊन परतली, तर तिचे ते महिने कोणत्याच तक्त्यात नाहीत. घरच्या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्याकडे थकवा आणि पाठदुखी घेऊन येणाऱ्या शेकडोंत कर्करोगी एखादाच असतो. २०१५ साली ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने, कर्करोगाची शक्यता शंभरांत तीन एवढी दिसली तरी तातडीची चिठ्ठी द्यावी, असा सल्ला दिला. दार रुंद झाले आणि रांगही लांबली. तातडीच्या चिठ्ठ्या २००९-१० मध्ये वर्षाला सुमारे नऊ लाख होत्या. २०२३-२४ मध्ये त्या तीस लाखांवर गेल्या. त्या प्रमाणात ना यंत्रे वाढली, ना छायाचित्रे वाचणारे तज्ज्ञ. बासष्ट दिवसांचे ८५ टक्क्यांचे उद्दिष्ट इंग्लंडने देशभर शेवटचे गाठले ते डिसेंबर २०१५ मध्ये.

वेल्सने या बाबतीत निराळी वाट धरली. तेथे २०१९ पासून नवी पद्धत सुरू झाली, आणि पुढे तीच एकमेव पद्धत ठरली. रोगी कोणत्याही दाराने येवो, कर्करोगाचा संशय ज्या क्षणी प्रथम आला तेथून घड्याळ सुरू करावयाचे आणि मध्ये कोणत्याही कारणाने थांबवावयाचे नाही, असा तिचा नियम आहे. अपेक्षा ठेवली ७५ टक्क्यांची. स्कॉटलंडची अपेक्षा ९५ टक्क्यांची, पण मोजणीचे नियम त्यांचे त्यांचे. एकाच बेटावरील तीन देश बासष्ट हाच आकडा उच्चारतात आणि तीन निराळ्या गोष्टी मोजतात. तेव्हा कोणी त्यांची टक्केवारी शेजारी शेजारी मांडून एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला छडी देऊ लागला, तर त्याचे ऐकू नये. या घोटाळ्यावर उपाय म्हणून २०१२ साली संशोधकांनी डेन्मार्कमधील आर्हूस शहराच्या नावाने एक निवेदन काढले. पहिले लक्षण, पहिली भेट, चिठ्ठी, निदान, या प्रत्येकाची तारीख म्हणजे नेमकी कोणती, याच्या व्याख्या त्यात ठरवून दिल्या.

संशोधकांची आणखी एक अडचण सांगण्याजोगी आहे. ज्यांना लवकर उपचार मिळाला ते अधिक जगले काय, असे आकडे पाहावयास जावे तर कधी कधी उलटेच दिसते: सर्वांत लवकर ज्यांना घेतले तेच अधिक दगावलेले असतात. कारण उघड आहे. अनुभवी डॉक्टर ज्याची अवस्था वाईट दिसते त्याला रांग मोडून पुढे घेतो. ज्याची तब्येत बरी आहे तो मागे राहतो आणि जगतोही. एवढ्यावरून थांबणे हितकारक असा निष्कर्ष काढणे म्हणजे, छत्र्या उघडल्या की पाऊस पडतो असे म्हणण्यासारखे होय.

२०२० सालच्या महामारीने या मोजणीची मर्यादा जगाला लख्ख दाखविली. त्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील तातडीच्या चिठ्ठ्या आदल्या वर्षाच्या एप्रिलपेक्षा ६० टक्क्यांनी घटल्या. कर्करोग घटला नव्हता. माणसे घराबाहेर पडत नव्हती. आणि मे महिन्याचे आकडे आले तेव्हा, दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट व्हावी हे ९३ टक्क्यांचे उद्दिष्ट, जे पूर्वी कित्येक महिने हुकत होते, ते साधल्याचे दिसले! कोणी आलेच नाही म्हणून कोणाला थांबावे लागले नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून दोन आठवड्यांच्या भेटीचे ते जुने उद्दिष्ट इंग्लंडने काढून टाकले. दहा उद्दिष्टांची तीन झाली: अठ्ठावीस दिवसांत निदान, निर्णयापासून एकतीस दिवसांत उपचार, आणि चिठ्ठीपासून बासष्ट दिवसांत उपचार. काहींनी यावर रोग्याचा हक्क काढून घेतल्याची टीका केली, आणि तिच्यात तथ्य नाही असे नाही. तरीपण नुसती भेट झाली, तज्ज्ञाने मान हालवली आणि पुढील तारीख दिली, तर रोग्याच्या पदरी काय पडले? अठ्ठावीस दिवसांचे घड्याळ थांबते ते रोग्याला ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगितल्यावर. तातडीने पाठविलेल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक माणसांना अखेर कर्करोग नसतो. त्यांची झोपमोड, त्यांच्या बायकामुलांची घालमेल, पूर्वी केवळ पहिल्या भेटीपर्यंत मोजली जाई. आता ती उत्तर मिळेपर्यंत मोजली जाते. ही सुधारणा मला मोलाची वाटते. बासष्ट दिवसांचा आकडा मात्र त्या सुमारास साठीच्या घरात घुटमळत होता. सरकारने मार्च २०२५ साठी ७० आणि मार्च २०२६ साठी ७५ टक्के अशा पायऱ्या आखल्या, म्हणजे ८५ चे मूळ वचन तूर्त दूरच ठेवले.

आपल्या बाजूला मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि १९६३ साली मुंबई शहराची कर्करोग-नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीमुळे कोणता कर्करोग किती जणांना होतो, हे आपणांस कळू लागले. किती जणांना, हे कळते. किती दिवस, याची देशभर एका नियमाने होणारी मोजणी आपल्याकडे नाही. आपले पुष्कळ रोगी रोग पसरल्यावर इस्पितळात पोहोचतात. म्हणजे आपले दिवस मुख्यतः दाराबाहेर, गावात आणि वाटेत जातात. इंग्लंडचे घड्याळ जसेच्या तसे आणून आपल्या भिंतीवर लावले, तर ते बहुतेकांच्या बाबतीत फार उशिरा सुरू होईल. आपल्या उपयोगाचे घड्याळ वेल्सच्या जातीचे हवे, आणि त्याच्याही मागे जाणारे.

पणजीहून किंवा बेळगावहून जो रोगी मुंबईच्या गाडीत बसतो, त्याच्या काखेत एक फाईल असते. तिच्यात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, सोनोग्राफीचा कागद, गाठीच्या तुकड्याचा अहवाल आणि नव्या इस्पितळाचा केसपेपर असतो. प्रत्येकावर तारीख असते. ज्याला हिशेब मांडावयाचा आहे त्याला त्या चार तारखा एका ओळीत लिहून काढाव्या लागतील. पुष्कळदा पहिलीच जागा कोरी राहते, कारण पहिल्या डॉक्टरने कागद दिलेलाच नसतो. त्या वेळी ते दुखणे पित्ताचे आहे, असे तोंडी सांगितलेले असते.